दावा तपासायचा कशाने? पॉपर, बेझ आणि ‘सर्वोत्तम स्पष्टीकरण’ शेजारी शेजारी

प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण लिहायला बसलेला संशोधक, शाळेत वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवणारा शिक्षक, ‘संशोधनातून सिद्ध झालंय’ असा मजकूर फोनवर आल्यावर तो पुढे पाठवावा का या विचारात पडलेला वाचक. तिघांपुढे प्रश्न एकच असतो. हातात थोडा पुरावा आहे, समोर मोठा दावा आहे, आणि एकातून दुसऱ्याकडे जायचं कसं हे ठरवायचंय. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात यासाठी तीन पद्धती सर्रास वापरल्या जातात. कार्ल पॉपरची खंडनाची पद्धत, थॉमस बेझच्या नावाने ओळखला जाणारा संभाव्यतेचा हिशेब, आणि ‘सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण ते खरं’ असं मानणारी अनुमानाची पद्धत. कोणती घ्यावी हे ठरवताना बहुतेक जण तत्त्वज्ञांची नावं आणि इतिहास वाचत बसतात. त्यापेक्षा प्रत्येक पद्धत कुठे अडकते ते बघावं. निवड तिथेच होते.

आधी एक गैरसमज दूर करू. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739 मध्ये मांडलेली अडचण या तिघांपैकी कोणीही सोडवलेली नाही. आजवर पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल काही म्हणायचं, म्हणजे विगमन करायचं, तर ‘पुढेही मागच्यासारखंच होईल’ हे धरून चालावं लागतं. ते का धरायचं, असं विचारलं तर उत्तर येतं, ‘आजवर तसंच होत आलंय म्हणून.’ म्हणजे ज्याचा आधार शोधत होतो त्याचाच आधार दिला. पॉपर म्हणतो, विगमन लागतच नाही. बेझवाले म्हणतात, आधीचा विश्वास आकड्यात मांडा आणि पुराव्याने तो नियमाप्रमाणे बदला, पण सुरुवातीचा आकडा कुठून आला ते विचारू नका. तिसरी पद्धत स्पष्टीकरणाच्या गुणावर भिस्त ठेवते, आणि जग आपल्याला आवडणाऱ्या स्पष्टीकरणांना धरूनच का चालेल हा प्रश्न तिथेही उरतो. तेव्हा ह्यूमला कोणी हरवलं हा निकष लावू नका. कोणती पद्धत तुमची कोणती चूक पकडून देते, तो लावा.

पॉपर: आधी हरण्याची अट लिहा

पॉपरचं मूळ पुस्तक 1934 च्या अखेरीस जर्मनमध्ये आलं. सांगणं थोडक्यात असं: हजार अनुकूल निरीक्षणांनी सार्वत्रिक विधान सिद्ध होत नाही, एका प्रतिकूल निरीक्षणाने ते पडतं. म्हणून सिद्धांताने धोका पत्करला पाहिजे. काय दिसलं तर आपण चूक ठरू, हे त्याने आधीच सांगायला हवं.

प्रत्यक्षात करायचं ते इतकंच. आकडेवारी हाती येण्याआधी दावा एका वाक्यात लिहायचा. त्याखाली, कोणता निकाल आला तर दावा सोडणार, ते आकड्यासह लिहायचं. त्याखाली, हा निकाल दाव्याविरुद्ध जाण्यासाठी आणखी काय काय बरोबर असायला हवं (उपकरण, नमुना, नोंदी) त्याची यादी करायची. मग तारीख टाकून कागद बंद. आज अनेक क्षेत्रांत अभ्यासाची पूर्वनोंदणी करतात, त्यामागची कल्पना याहून वेगळी नाही.

अडचण तिसऱ्या पायरीत लपलेली आहे. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर ड्यूएमने 1906 मध्येच दाखवून दिलं होतं की कसोटीला एकटा सिद्धांत कधीच बसत नाही, त्याच्यासोबत सहायक गृहीतकांचं सगळं बिऱ्हाड बसतं. निकाल उलटा आला की दोष नक्की कोणाचा हे तर्कशास्त्र सांगत नाही. 29 मे 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणाचं उदाहरण पाहा. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार सूर्याच्या कडेजवळून येणारा तारकाप्रकाश 1.75 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) वाकायला हवा होता, न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मा, 0.87 विकला. ब्राझीलमधल्या सोब्रालच्या चार इंची दुर्बिणीने 1.98 दिलं, आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून 1.61 आलं. पण सोब्रालच्याच दुसऱ्या, मोठ्या दुर्बिणीच्या छायाचित्रांच्या तबकड्यांवरून 0.93 आलं, म्हणजे जवळजवळ न्यूटनचा आकडा. खंडनाचा नियम शब्दशः लावला असता तर आइन्स्टाइन तिथेच पडला असता. उन्हाने आरसा बिघडला आणि प्रतिमा अस्पष्ट आल्या, असं कारण देऊन त्या तबकड्यांना कमी वजन दिलं गेलं. ही पळवाट होती की योग्य निर्णय? 1979 मध्ये त्याच तबकड्या आधुनिक यंत्राने पुन्हा मोजल्या तेव्हा उत्तर 1.55 च्या आसपास आलं. निर्णय योग्य होता. मात्र 1919 मध्ये तो घ्यायला लागलेली जाण खंडनाच्या नियमातून आलेली नव्हती, दुर्बिणी हाताळण्याच्या अनुभवातून आली होती.

इथे पॉपरचा पोटनियम कामाला येतो आणि तो लोक विसरतात. सहायक गृहीतक बदलायला मनाई नाही, पण बदललेल्या गृहीतकाची स्वतंत्र कसोटी घेता आली पाहिजे. ‘आरसा तापला होता’ हे प्रतिमांच्या आकारावरून, त्यातल्या अस्पष्टतेवरून पडताळता येतं. ‘त्या दिवशी ग्रह अनुकूल नव्हते’ हे येत नाही.

पुण्याची कसोटी आणि दोन प्रकारचे हिशेब

फरक आकड्यांत बघायचा तर आपल्याकडचंच एक चांगलं उदाहरण आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ यांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार शाळकरी मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या मिळून 200 कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या यादृच्छिक 40 दिल्या आणि कुंडली कोणत्या गटातल्या मुलाची आहे एवढंच विचारलं. उत्तरं आली 27 जणांची. सर्वाधिक गुण 40 पैकी 24. एका संस्थेने सगळ्या 200 कुंडल्या तपासल्या, तिची 102 उत्तरं बरोबर आली.

पॉपरच्या नजरेने पाहिलं तर पहिला प्रश्न असा: दावा किती धीट होता? ‘कुंडलीवरून बुद्धी ओळखता येते’ या वाक्यात आकडा नाही. दहापैकी सात वेळा ओळखता येते म्हणत असाल तर 200 पैकी 140 च्या आसपास यायला हवेत, 102 म्हणजे सरळ हार. पण कोणी म्हणालं की आमचं कौशल्य जेमतेम 55 टक्के आहे, तर 110 अपेक्षित, आणि 102 त्याच्या फार लांब नाही. दावा जितका भित्रा, तितका तो पाडायला अवघड. चाचणीआधी आकडा लिहून घेण्याचा आग्रह पॉपरवाले धरतात तो यासाठी.

आता बेझ. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सूत्राला घाबरण्याचं कारण नाही, गुणाकार आला की पुरतं. दोन गृहीतकं समोरासमोर ठेवायची: ‘याला 70 टक्के जमतं’ आणि ‘हा नाणं उडवतोय’. प्रत्येक बरोबर उत्तर पहिल्याच्या बाजूने 0.7 भागिले 0.5, म्हणजे 1.4 पट. प्रत्येक चुकलेलं उत्तर 0.3 भागिले 0.5, म्हणजे 0.6 पट. सगळे आकडे एकमेकांत गुणायचे.

24 बरोबर आणि 16 चूक यांचा गुणाकार येतो 0.9. क्षणभर इथे थांबा. 40 पैकी 24, म्हणजे 60 टक्के गुण, ऐकायला यश वाटतं. पण 70 टक्के कौशल्याच्या दाव्याला तो पुरावा किंचित विरोधातच जातो, कारण 24 हा आकडा 20 आणि 28 यांच्या बरोबर मधोमध आहे. 28 आले असते तर गुणाकार सुमारे 27 झाला असता. 20 आले तर तो साधारण तेहतिसावा हिस्सा. आणि संस्थेच्या 102 बरोबर, 98 चूक या निकालाने 70 टक्क्यांचा दावा जवळपास 68 लाख पट खाली ढकलला जातो. तोच निकाल 55 टक्क्यांच्या दाव्याशी ताडून पाहिला (पट 1.1 आणि 0.9) तर गुणाकार 0.55, फक्त निम्मा. पॉपरने शब्दांत सांगितलेली गोष्ट इथे आकड्यात दिसते.

आता आधीचा विश्वास. समजा एखाद्याला 28 मिळाले. चाचणीपूर्वी तुम्ही या विद्येला हजारात एक शक्यता देत असाल, तर 27 ने गुणल्यावर ती सुमारे 2.6 टक्के होते. दहात एक देत असाल तर थेट 75 टक्के. (गुणायचं ते ‘खरं विरुद्ध खोटं’ हे प्रमाण, टक्केवारी नाही: 1 विरुद्ध 9 चं 27 विरुद्ध 9 होतं.) पुरावा एक, माणसं दोन, निष्कर्ष दोन. बेझवर सगळ्यात जास्त टीका होते ती यावरून. मला मात्र हा दोष कमी आणि प्रामाणिकपणा जास्त वाटतो. वाद नक्की कुठे आहे ते दिसतं, आणि पुरावा साठत गेला तर हजारात एकवाला आणि दहात एकवाला हळूहळू जवळ येतात. अपवाद एकच: ज्याने सुरुवातीला शून्य लिहिलं त्याला कुठल्याच पुराव्याने हलवता येत नाही. म्हणून शून्य आणि शंभर टक्के हे दोन आकडे लिहू नयेत.

नेहमीची चूक वेगळीच असते. 27 जणांतला सर्वांत वरचा उचलायचा आणि त्याचेच गुण पुरावा म्हणून मांडायचे. एका नाण्याने 40 वेळांत 24 किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता साधारण 13 टक्के. 27 नाणी उडवली तर त्यातल्या निदान एकाला 24 किंवा अधिक मिळण्याची शक्यता 98 टक्के. निदान एकाला 28 मिळण्याची शक्यताही 20 टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे सर्वोत्तम ज्योतिषाला मिळाले तेवढे गुण 27 नाण्यांतल्या सर्वोत्तम नाण्यालाही सहज मिळाले असते. बेझचा हिशेब करताना सगळ्या 27 जणांचे निकाल घालायचे, निवडून एक नाही. हाच नियम औषधांच्या चाचण्यांना लागू, शेअर बाजारातल्या ‘सलग पाच वर्षं नफा’वाल्या सल्लागारांनाही लागू.

बेझच्या आणखी दोन खोड्या. एकाच बातमीवरून दहा जणांनी लिहिलं तर तो दहा पट पुरावा नसतो, पण गुणाकार करणाऱ्याला ते आपसूक कळत नाही. दुसरी खोड जास्त खोल आहे. दाव्याशी तुलना कशाशी करायची ते आधी ठरवावं लागतं. वर ‘नाणं’ हा प्रतिस्पर्धी सहज मिळाला. खऱ्या विज्ञानात प्रतिस्पर्धी ठाऊक असतातच असं नाही.

कावळ्यांचं कोडं आणि ‘ग्रू’चं कोडं यांच्यावर इथे फार थांबत नाही. ‘सगळे कावळे काळे’ हे विधान तर्काने ‘जे काळं नाही ते कावळा नाही’ याच्या बरोबरीचं, मग पांढरा बूट पाहूनही ते पक्कं व्हायला हवं, असं तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेलने 1945 मध्ये दाखवलं. (आपल्या गावकावळ्याची मान राखाडी असते, तेव्हा आपल्याकडे विधानाचा निकाल आधीच लागलाय.) बेझकडे याला बरं उत्तर आहे: बूट पाहून विश्वास वाढतो, पण इतका नगण्य की लक्षात येऊ नये. नेल्सन गुडमनच्या ‘ग्रू’ला, म्हणजे ठरावीक तारखेपर्यंत तपासलेले असतील तर हिरवे आणि एरवी निळे अशा गुणाला (आजवर पाहिलेल्या हिरव्या वस्तू ‘हिरवा’ आणि ‘ग्रू’ दोन्हींना सारखाच आधार देतात), या तिघांपैकी कोणाकडेही समाधानकारक उत्तर नाही.

सर्वोत्तम स्पष्टीकरण: शोधायला उत्तम, निवाड्याला कच्चं

गिल्बर्ट हार्मनने 1965 मध्ये या पद्धतीला नाव दिलं, पण वैद्य, मेकॅनिक आणि गुप्तहेर ती कायमच वापरत आले. पुरावा समोर ठेवायचा, तो कशाकशाने समजावता येईल त्याची यादी करायची, सगळ्यात चांगलं स्पष्टीकरण खरं मानायचं.

तिची खरी ताकद प्रश्न कसा विचारला यात आहे. ‘हे का घडलं?’ हा कच्चा प्रश्न. ‘इथे घडलं आणि तिथे का नाही?’ हा पक्का. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. 1846 मध्ये पहिल्या विभागात 11.4 टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात 2.8 टक्के. तिथला डॉक्टर इग्नाझ झेमेलवाइसने ‘बाळंतज्वर का होतो’ असं नुसतं विचारलं असतं तर दूषित हवा, ऋतू, शहराची अवस्था ही उत्तरं तयारच होती. पण दोन्ही विभागांची हवा तीच, शहर तेच. दोन्हींकडे सारखं असलेलं कोणतंही कारण फरक समजावू शकत नाही, म्हणून ते एका फटक्यात बाद. वेगळं काय? पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट तपासणीला येत. मार्च 1847 मध्ये त्याचा सहकारी कोलेच्का शवविच्छेदनात सुरी लागून वारला, आणि त्याच्या शरीरात तीच लक्षणं दिसली. मेच्या मध्यापासून क्लोरीनच्या चुन्याच्या द्रावणात हात धुणं सक्तीचं झालं. एप्रिलमधला 18.3 टक्के मृत्युदर जूनमध्ये 2.2 वर आणि जुलैत 1.2 वर आला.

पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. गोष्ट तिथे संपत नाही. ऑक्टोबर 1847 मध्ये गर्भाशयाचा वाहणारा कर्करोग असलेली एक बाई ज्या खाटेवर होती, तिथून तपासणीची फेरी सुरू झाली. त्या रांगेतल्या 12 जणींपैकी 11 वारल्या. शव नव्हतं, हात प्रेतागारातून आले नव्हते. ‘प्रेताचे कण’ हे त्या घटकेचं सर्वोत्तम स्पष्टीकरण अपुरं निघालं आणि झेमेलवाइसला ते ‘कोणताही सडणारा सेंद्रिय पदार्थ’ इतकं रुंद करावं लागलं. जंतूंची कल्पना यादीतच नव्हती.

पद्धतीची मुख्य मोडतोड नेमकी इथे होते. बास व्हान फ्रासेनने 1989 मध्ये मांडलेला आक्षेप असा की यादीतलं सर्वोत्तम म्हणजे वाईटांतलं बरं असू शकतं. खरं उत्तर यादीत आहे याची हमी कोण देणार? पीटर लिप्टनने याच्या जोडीला एक उपयोगी भेद केला: एखादं स्पष्टीकरण मोहक असणं वेगळं, शक्य असणं वेगळं. कटकारस्थानांच्या कथा नेहमीच मोहक असतात, सगळं समजावतात, एकही धागा सुटा ठेवत नाहीत. त्यांचं शक्य असणं मात्र फार थोडं. ही पद्धत घ्यायची तर प्रत्येक स्पष्टीकरणापुढे दोन वेगळे रकाने ठेवा, किती समजावतं आणि कितपत संभवतं.

तिसरा रकाना न्यायदर्शनाकडून, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेकडून घ्यावा: लपलेली अट, म्हणजे ‘उपाधी’. धुरावरून आगीचं अनुमान चालतं, पण आगीवरून धुराचं चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धूर नसतो. धुरासाठी ओलं इंधन लागतं, तीच इथली उपाधी. झेमेलवाइसच्या बाबतीत ‘विद्यार्थी’ हे कारण नव्हतं, न धुतलेले हात ही उपाधी होती. दोन गोष्टी सोबत दिसल्या की ‘दोन्हींना बांधणारी तिसरी अट कोणती?’ हा प्रश्न लिहून ठेवला तर सर्वेक्षणांवर आधारलेले अर्धेअधिक दावे तिथेच गळतात.

शिवाय स्पष्टीकरणाला दिशा असते, हे विसरून चालत नाही. हेम्पेल आणि ओपनहाइम यांच्या 1948 च्या मांडणीत नियम आणि परिस्थिती यांतून घटना निगमनाने, म्हणजे निव्वळ तर्काने निघाली की स्पष्टीकरण झालं. मग झेंड्याच्या काठीच्या उंचीवरून सावलीची लांबी जशी निघते तशीच सावलीवरून काठीची उंचीही निघते. गणित दोन्हीकडून चोख आहे. पण सावली इतकी लांब आहे म्हणून काठी इतकी उंच, असं कोणी म्हणत नाही. गणित जुळलं म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, आणि संगणकाच्या प्रारूपातून भाकितं अचूक येत असली तरी हेच लागू.

तिघांची एकत्र परीक्षा: नेपच्यून आणि व्हल्कन

तिन्ही पद्धती एकाच प्रसंगावर लावून बघायच्या तर याहून चांगली जोडी नाही. 1781 मध्ये सापडलेला युरेनस न्यूटनच्या हिशेबाप्रमाणे चालेना. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने अज्ञात ग्रह गृहीत धरून त्याची जागा काढली, आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ योहान गालं याला नेपच्यून सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत दिसला. 1859 मध्ये त्याच ल व्हेरिएने बुधाची अडचण मांडली: त्याच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू शतकाला 38 विकला जास्त सरकतो (अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ न्यूकमने 1882 मध्ये तो आकडा 43 वर आणला). उपाय पूर्वीचाच, सूर्याजवळ एक अज्ञात ग्रह, व्हल्कन. एका हौशी फ्रेंच डॉक्टरने तो पाहिल्याचं कळवलं. 1878 च्या ग्रहणात दोन अनुभवी अमेरिकी निरीक्षकांनीही पाहिल्याचा दावा केला. ग्रह नव्हता. नोव्हेंबर 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धांताने 43 विकला थेट दिल्या.

भोळसट पॉपर युरेनसपाशीच न्यूटनला बाद करतो आणि नेपच्यून गमावतो. पोटनियमासकटचा पॉपर दोन्ही वेळा बरोबर वागतो: नवा ग्रह धरा, पण कुठे दिसेल ते सांगा आणि शोधा. व्हल्कन किती वर्षं शोधायचा हे मात्र तो सांगत नाही.

सर्वोत्तम स्पष्टीकरणाची पद्धत 1859 मध्ये ठामपणे चुकली असती. तिच्या सगळ्या निकषांवर व्हल्कन सरस होता. साधा, ओळखीचा, आधी एकदा यशस्वी ठरलेला. खरं उत्तर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा आणि अवकाशच वक्र, हे त्या यादीत असणंच शक्य नव्हतं.

बेझ सुरुवातीला व्हल्कनला भरपूर शक्यता देतो आणि ते वाजवीच आहे. नंतर दर ग्रहणाला तो दिसला नाही की एकापेक्षा कमी आकड्याने गुणत विश्वास उतरवत नेतो. पॉपरकडे नसलेलं ‘कधी सोडायचं’ याचं उत्तर इथे मिळतं. पण उतरलेला विश्वास जायचा कुठे? प्रतिस्पर्धी माहीत नसेल तर हिशेब अडतो. यावर व्यवहारी तोडगा म्हणजे यादीत ‘अजून कोणाला न सुचलेलं’ असा एक रकाना ठेवायचा आणि त्याला दहा-वीस टक्के द्यायचे. हा आकडा अंदाजाचाच असतो. पण तो रकाना नसला तर उरलेल्या गृहीतकांची बेरीज शंभर टक्के होते आणि शेवटी उरलेलं एक आपोआप ‘सिद्ध’ होऊन बसतं.

आणखी एक पेच 1980 मध्ये तत्त्वज्ञ क्लार्क ग्लायमोरने काढला. 43 विकला 1915 च्या कितीतरी आधी माहीत होत्या. माहीत गोष्टीची संभाव्यता एक, आणि एकाने गुणून विश्वास वाढत नाही. म्हणजे बेझच्या कोरड्या नियमाने बुधाच्या कक्षेचा आइन्स्टाइनला काडीचाही आधार मिळत नाही, हे उघडच विचित्र आहे. ‘ही गोष्ट माहीत नसती तर किती अपेक्षा केली असती’ असं मागे जाऊन मोजायचं, हा नेहमीचा उपाय. त्यात मनाला हवं ते मोजण्याची मुभा बरीच मिळते, म्हणून जुन्या पुराव्याला नव्यापेक्षा कमी वजन द्यावं असं माझं मत आहे.

मग घ्यायचं कोणतं?

अजून प्रयोग व्हायचाय आणि तो तुमच्या हातात आहे, तर पॉपर. प्रबंधाचा आराखडा, शाळेतला प्रकल्प, गावातल्या ‘चमत्कारा’ची जाहीर चाचणी, या ठिकाणी हरण्याची अट आधी लिहून घेण्याला पर्याय नाही. प्रबंधात नुसतं ‘गृहीतक सिद्ध झालं’ लिहिण्यापेक्षा कोणती अट लिहिली होती आणि ती टळली की नाही, ते लिहा. परीक्षकाला दुसरं काही विचारायला जागा उरत नाही.

पुरावा आधीच गोळा झालाय, तो इतरांनी केलाय, आणि तुम्हाला विश्वास ठेवायचा की नाही ठरवायचंय, तर बेझ. गणित नको असेल तरी तीन प्रश्न विचारा. हे ऐकण्याआधी मी किती शक्यता दिली असती? दावा खोटा असता तरी हाच पुरावा दिसला असता का? निवडून दाखवलेला तर नाही? दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. ‘गोळी घेतली आणि आठवड्यात सर्दी गेली’ हा पुरावा गोळी कुचकामी असतानाही तसाच दिसतो, म्हणून त्याचा गुणाकार एकाच्या आसपास राहतो.

हाती फक्त कोडं आहे आणि गृहीतकच सुचत नाही, तर सर्वोत्तम स्पष्टीकरण, तेही ‘इथे का, तिथे का नाही’ या रूपात. मिळालेलं उत्तर मात्र पुढे पॉपरच्या किंवा बेझच्या हवाली करा, त्यावर शिक्का मारू नका. इतिहास, गुन्ह्याचा तपास, उत्क्रांती अशा ठिकाणी प्रयोग पुन्हा करता येत नाही, तिथे या पद्धतीवरच जास्त विसंबावं लागतं. तेव्हा निदान तीन खरेखुरे प्रतिस्पर्धी यादीत असल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. एकच स्पष्टीकरण आणि त्याचे दोन कचकड्याचे विरोधक, अशी यादी चालत नाही.

एकच पद्धत घेऊन बसायची सक्ती असेल तर मी बेझ घेईन, कारण पॉपरचा चांगला भाग त्यात आकड्याच्या रूपाने आपोआप येतो. नेमका, धीट दावा फळला तर त्याचा गुणाकार मोठा, फसला तर घसरणही मोठी. उलट दिशेने तसं होत नाही. वर्गात शिकवायला मात्र पॉपर सोपा पडतो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ‘काय दिसलं तर तू माघार घेशील?’ हा प्रश्न सूत्रांपेक्षा लवकर पोचतो.

हे सगळं आज वापरून बघायचं असेल तर अदृश्य द्रव्याचा (डार्क मॅटर) प्रश्न खुला आहे. फ्रिट्झ झ्विकीने 1933 मध्ये दीर्घिकांच्या समूहात आणि व्हेरा रुबिनने 1970 च्या दशकात स्वतंत्र दीर्घिकांत दाखवलं की दिसणाऱ्या वस्तुमानाने त्यांची गती समजावता येत नाही. एक पक्ष म्हणतो, न दिसणारं द्रव्य आहे. भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोमने 1983 मध्ये सुचवलं की अतिशय कमी त्वरणाला गतीचा नियमच बदलतो. एक बाजू नेपच्यूनची, दुसरी आइन्स्टाइनची. मिलग्रोमचा नियम एकेकट्या दीर्घिकांच्या गतीला चांगला लागू पडतो, पण समूहांमध्ये त्यालाही जास्तीचं वस्तुमान धरावं लागतं. अदृश्य द्रव्याचं पारडं पार्श्वप्रारणातल्या, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीपासून सगळीकडे पसरलेल्या प्रारणातल्या, चढउतारांमुळे आणि समूहांमुळे जड आहे, पण जमिनीखालच्या शोधयंत्रांत त्याचा कण अजून निर्विवादपणे सापडलेला नाही. कागद घ्या, तीन ओळी लिहा: अदृश्य द्रव्य, बदललेला नियम, न सुचलेलं काही. प्रत्येकापुढे आजची टक्केवारी टाका, आणि शेजारी लिहा की पुढच्या शोधयंत्राला काही मिळालं नाही तर प्रत्येक आकडा कितीने बदलेल. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा अवघड जातो.